पाचवी

शेफील्डमधली सगळ्यात उबदार खोली आमच्या तळघरात आहे.
साडेअठ्ठावीस अंश, बारा महिने.
वर ट्रॅम चढावर कुरकुरते, गारा पडतात,
खाली कॉलीन टाक्यांच्या रांगेतून जाता जाता म्हणते,
"एय्-अप, पोरींनो."
मासे बोटाच्या दोन पेरांएवढे,
अंगावर निळ्या रेघा, दुरेघी वहीसारख्या.

त्यांची पहाट भिंतीवरच्या घड्याळात लावलेली, आठची.
दिवे लागले की अंडी.
टाकीच्या तळाशी काचेच्या गोट्या पसरतो आम्ही,
पोरं खेळतात त्याच,
फटींतून अंडी खाली सुटावीत म्हणून.
नाहीतर आयाच गिळून टाकतात.

दुसऱ्या दिवशी चिमट्यानं कवच सोलते.
आत काचेचा स्वल्पविराम.
हृदय दिसतं. शेपटीकडे धावणारं रक्त दिसतं.
मग सुई, आणि सुईतून शंभरेक जंतू:
क्षयाची ही चुलत भावंडं
नळात राहतात, शॉवरच्या जाळीत, कुंडीतल्या मातीत,
कुणाच्या अध्यात ना मध्यात,
आणि एखाद्या दमलेल्या फुप्फुसात बिऱ्हाड केलं
की अठरा महिने औषधं खाऊनही हलत नाहीत.

मिरजेला शाळेच्या वाटेवर
क्षयाच्या दवाखान्याची भिंत लागायची.
आई म्हणायची, श्वास रोखून पळ.
भिंत माझ्या श्वासापेक्षा लांब होती.
अजूनही रोखते.
सुई हलू नये म्हणून.

तिसऱ्या दिवशी हिरव्या पेशी लाल जंतू गिळताना दिसतात.
चौथ्या दिवशी जंतू एकमेकांना धरून
दोर वळतात, पिळावर पीळ,
गिळायला आलेली पेशी
नुसती टोकाशी घुटमळत राहते.

मॉरीन ऑस्क्रॉफ्ट याच दिवशी आल्या होत्या.
शाळेत जेवण वाढायच्या, आता खोकतात.
डोळा लावून बराच वेळ गप्प.
"हे माझ्यातलं?"
नमुन्यावर फक्त क्रमांक असतो, म्हणाले मी.
"डाव्या कानाशी बोल गं,
इंजेक्शनांनी उजव्यात रातकिडे बसलेत."
डावीकडे गेले. तेच पुन्हा म्हणाले.
"यांना दुखतं?"
मी कायदा सांगितला:
पाचव्या दिवशी हा स्वतःचं खायला लागतो,
तोवर कागदोपत्री प्राणी नाही.
"आणि पाचव्या दिवशी?"
आम्ही तिथवर जात नाही.

त्यांनी पुन्हा डोळा लावला.
"नाव ठेवता का?"

माझ्या पाचवीला पाटावर कोरा कागद होता, बोरू होता,
रात्रभर दिवा.
सटवाई येऊन लिहून जाते म्हणे, कपाळावर,
कुणाला वाचता येत नाही.
मॉरीनबाईंच्या पाचवीला बार्न्स्लीत कोण जागलं असेल?

चौथ्याच्या संध्याकाळी
बशीत भुलीचं औषध जास्त घालते,
हृदय थांबेपर्यंत बघते, मग ब्लीच.
वहीत पाच रकाने आखलेत, सवयीनं.
चार भरते.

शेजारी नळाखाली कॉलीन गोट्या धुतेय.
एक निसटून टाक्यांखाली गेली,
गुडघ्यांवर बसून ती हात घालून शोधतेय.
दिवे सकाळी आठला.