तिसरं बटण

बटण वरून तिसरं होतं.
ब्रिजेटनं स्वतः टाकून दिलं, शुवैख बंदरामागच्या
इराणी चहावाल्याच्या खोलीत, दातानं दोरा तोडला.
म्हणाली, इलियास, तू फक्त चाल. बघायचं काम बटणाचं.
तीस दिनार.
मी नाही म्हणालो नाही.

जहाज लागलं तेव्हा ऑगस्ट होता.
तिसऱ्या मजल्यावरचे पंखे बंद,
कालपासून की परवापासून, कुणी सांगेना.
वास असा की आधी डोळ्यांना लागायचा, मग नाकाला.
मेंढ्या तोंडं उघडून, जिभा बाहेर, एकीवर एक.
हे खरं आहे. हे मी कुणापुढंही सांगेन.
कंपनीच्या साहेबापुढं सांगितलं नाही,
ते वेगळं.

धुळा खिलारे माझ्या पुढं चालत होता.
माणदेशातला. जलीबच्या खोलीत माझ्या वरच्या खाटेवर झोपायचा
आणि झोपेत मेंढरं हाकायचा, हुर्र, हुर्र,
खालची आम्ही सात माणसं शिव्या देत उठायचो.
आम्ही मेंढ्या आकड्यानं मोजायचो,
तो तोंडं बघून.

एक खाली पडली होती, सगळ्यांच्या खुरांखाली.
त्यानं मागचा पाय धरला आणि ओढली.
लोखंडावरून ओढली, जोरात,
हळू ओढण्याइतका वेळ तिच्यापाशी नव्हता.
दाराशी थोडा वारा होता. तिथं तिला गुडघ्याला टेकवून उभं केलं,
स्वतःची बाटली तिच्या तोंडात रिकामी केली,
मग कानाशी काहीतरी बोलला.
ते बटणाला ऐकू आलं नाही.

संस्थेनं ओढण्यापुरतं घेतलं. चौदा सेकंद.
संथ केल्यावर चाळीस झाले.
मेंढीचा आवाज काढून पियानो घातला.
धुळाच्या चेहऱ्याभोवती लाल गोल,
खाली एक बटण, हेही बटणच,
दाबलं की दहा डॉलर.

पंख्याभोवती गोल नव्हता.
जहाजाच्या मालकाचा फोटो कुणापाशीच नव्हता,
असता तरी त्याच्या अंगावर घाम नसता,
घाम नसेल तर माणूस क्रूर दिसत नाही.

कंपनीनं चौकशी केली, म्हणजे धुळाला बोलावलं.
दोन दिवसांत बताका काढून घेतला, तिसऱ्या दिवशी विमान.
संस्थेनं लिहिलं : आपला विजय.
पुढचं जहाज वेळेवर लागलं.
पंखे? दोन चालू होते.
आठातले दोन. खोटं कशाला बोलू,
तेवढं त्यांच्यामुळंच झालं असेल.

उरलेलं चित्रण मी ब्रिजेटला पाठवलं,
बाटलीचं, कानाशी बोलल्याचं.
उत्तर आलं, छान आहे, पण यात काही घडत नाही.
पुढच्या वेळी जरा जवळून मिळेल का?

शर्ट अजून वापरतो. तिसऱ्या जागी साधं बटण लावलंय,
रंग जुळत नाही.

परवा धुळाचा फोन आला.
गावात पोरांनी ते आधीच बघितलं होतं.
म्हणाला, हसत्यात लोकं. मेंढक्याची जात आन् ही कामं, म्हणत्यात.
मी तयारी करून ठेवलेलं वाक्य बोललोच नाही.
मग फोन हौसाबाईनं घेतला, त्याच्या बायकोनं.
तिनं दोनदा बघितलं होतं. पियानोचं तिला काही नव्हतं,
लाल गोलाचंही नाही.
म्हणाली, पाय खुब्याजवळ धरलाय की, वर.
मारणारा असा धरत नाही. ह्यो तिला काढतोय.
थोडी थांबली.
वाचली का वो ती?

वाचली, म्हणालो.
ईद तेव्हा पाच दिवसांवर होती.