गस्तीची पाळी

गुरुवारची रात्र आमच्या वाट्याला आली,
माझ्या आणि पोनिरानच्या.
यादी मुखियाच्या बायकोने केली.
तिला ठाऊक नव्हतं, किंवा चांगलंच ठाऊक होतं,
की आम्ही चौदा महिने बोललेलो नाही.

भांडण हातभर जमिनीचं.
माझ्या आज्याने लावलेलं लाल पानांचं आंदोंग
हीच हद्द, असं सगळं गाव मानत आलं.
पण झाड ते झाड. कलतं, फुटवे टाकतं,
पोनिरानच्या अंगणात ऊन जास्त, तर तिकडे सरकतं.
मग सरकारी माणूस आला, तिपाईवर यंत्र ठेवून
आकाशाला विचारत बसला, कुणाची जमीन कुठवर.
आकाशाने सांगितलं ते कागदावर उतरलं.
आता कागद त्याच्या बाजूने बोलतो,
झाड माझ्या.

चौकी म्हणजे चार बांबू, वर पत्रा,
बसायला फळी, फळीवर खडूने आखलेला पट
(तो शुक्रवारवाल्यांचा, आम्ही खेळत नाही).
थर्मासात गोड कॉफी. त्याची त्याने आणलेली, माझी मी.
आढ्याला टांगलेला फणसाचा पोकळ ओंडका:
मरण असेल तर एकेक ठोका,
चोर असेल तर दोन-दोन, आग लागली तर तीन-तीन.
शेजाऱ्याशी वैर असेल तर किती,
ते कुणी ठरवलेलं नाही.

बारा वाजता फेरी सुरू केली.
प्रत्येक घराच्या भिंतीला खिळा,
खिळ्याला दुधाच्या डब्याचं कापलेलं बूड,
त्यात मूठभर तांदूळ.
महिन्याअखेर ते विकून गल्लीतले दिवे येतात,
कुणाचं कफन येतं.
मी टॉर्च धरायची, त्याने पिशवी.
एवढ्याला बोलावं लागत नाही.

सामिन्तेन आजीच्या दाराशी तो थांबला.
"रिकामा आहे," म्हणाला.
चौदा महिन्यांनंतरचा पहिला शब्द.

आजीच्या दाराला सुतळी आहे, कडी नाही.
मुलाने तैवानहून आकड्यांचं पितळी कुलूप पाठवलं होतं,
ते तिने शेळीच्या गोठ्याला लावलं.
आतून आवाज आला, "कोण? पोनिरान का?
विसरले रे आज."
आजी विसरत नाही.
राख पडली त्या वर्षी माझ्या आईने
तिच्याकडून नेलेले दोन नारळ
अजून तिच्या हिशोबात आहेत.

आम्ही उभे राहिलो.
सागाचं पान पडलं तरी दचकावं अशी शांतता,
त्यात तिच्या घरातून शिजल्याचा वास नाही,
धुराचाही नाही.
पोनिरानने पिशवीत हात घातला. नियम आहे:
गावाचं धान्य एकदा पिशवीत गेलं की गावाचं.
त्याने माझ्याकडे पाहिलं.
मी टॉर्च गोठ्याकडे वळवली.
शेळीचे डोळे चमकले, कुलूप चमकलं.
मागे डब्यात तांदूळ पडल्याचा आवाज झाला,
एकदा, मग पुन्हा एकदा,
आणि थोड्या वेळाने आणखी.

पुढे त्याचं घर. डबा काठोकाठ, नेहमीसारखा.
मग माझं. अर्धा. माझ्या बायकोची मूठच लहान,
हे मी त्याला सांगितलं नाही.

चौकीत परतल्यावर वही.
मी लिहिलं: सामिन्तेन, एक मूठ, मिळाली.
त्याने खाली सही केली, सावकाश,
पूर्ण नावाने,
जशी त्या दिवशी सरकारी कागदावर केली होती.
दोघांनी मिळून एक खोटं कागदावर चढवलं
आणि ते तिथे अगदी खऱ्यासारखं दिसलं.
त्यावर मी काही बोललो नाही.
त्याने त्याची कॉफी माझ्या पेल्यात ओतली, गार झालेली.

तीन वाजता सगळं ठीक असल्याचे ठोके द्यायचे असतात.
मी दिले. हात जरा अडखळला.
टेकडीपलीकडच्या वाडीने उत्तर दिलं,
तिच्या पलीकडच्या वाडीने तिला.

उजाडताना पोनिरान त्याच्या परसात
दात घासत उभा होता, मी माझ्या.
मध्ये आंदोंग, दवाने वाकलेलं.
त्याने चूळ भरली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं,
आणि थुंकला
बरोबर झाडाच्या बुडाशी.