इतर उत्पन्न

तलाठी विचारतो, घरात कोण कोण.
मी आणि दादा, मी सांगते.
दादा म्हणजे खाट, पाण्याची गादी, नळी.
मधल्या खोलीच्या दारावर
सकाळीच ओली साडी सोडलीय मी.

आत झोपलाय सुभान मुल्लाणी, गडहिंग्लजचा.
शिरोलीच्या फौंड्रीतून पहाटे आला.
दोन हजार महिना, चहा धरून.
त्याचे बूट पिंपामागे,
अजून काळी वाळू सांडतेय त्यातनं.

निराधारचे दीड हजार येतात.
येतात म्हणजे, कधी येतात.
डायपरचं पाकीटच सहाशेला.
उत्तरेश्वराच्या पायरीवर बसून मांडून बघितला हिशेब,
देव पण काय बोलला नाही.

फॉर्मात रकाना आहे : इतर उत्पन्न.
मी रेघ ओढली.
सरळ आली नाही.

दुसरी पाळी असली की सुभान रात्री दीडला येतो,
कोपरापर्यंत हात धुतो,
मला न उठवता
दादाला डाव्या कुशीवर वळवतो.
जागीच असते मी. उठत नाही.
ह्याचे किती लिहायचे?

तलाठ्यानं शिक्का मारला, चप्पल घातली.
पिंपाकडं बघत म्हणाला,
मावशी, बूट भिजतील तिथं.
आत घ्या.