अठ्ठावीस

टायरच्या अंगावर ठळक आकडा, अठ्ठावीस.
तेवढंच वाचून मागल्या रविवारी घेऊन आले,
येळ्ळूरला ओसरीवर चाक आडवं घातलं
आणि दोन तास झटले.
सगळा बसला, खरं शेवटचं वीतभर
काही केल्या रिमवर चढेना.
उलथण्याचा दांडा वाकला, अंगठ्याचं साल निघालं.
भाऊ म्हणाला, जोर लाव की.

मी उद्यमबागेत दिवसाला सातशे बुश तपासते.
गेज आत गेलं तर माल पुढं,
अडलं तर लाल ठिपका.
जोर लावायचा नसतो, एवढं मला कळतं.

शहापुरात मक्तूमसाबचं दुकान,
दोन पायऱ्या उतरून आत,
छताला ट्यूबा लोंबलेल्या,
सोल्युशनचा वास कपड्यांना धरणारा.
त्यानं चष्मा कपाळावर सारला
आणि ठळक आकडा सोडून
काठालगतचं बारीक कोरीव वाचलं,
ओल्या अंगठ्यानं धूळ पुसून: सहाशे बावीस.
"अक्का, अठ्ठावीस दोन हाईत.
नावाला एक, बसायला दोन."

मग सुतळी काढली.
टायरची तार जिथं टेकते
त्या कडेवरून रिमभोवती फिरवली, गाठ मारली,
फरशीवर टेपाला लावली.
मोजताना तो कन्नडमध्ये पुटपुटत होता,
पोराला हाका दखनीत,
भाव माझ्याशी मराठीत.
दोन मीटरला पाच मिलिमीटर कमी.
भागाकार मी मनातल्या मनात केला,
सहाशे पस्तीस.
माझा टायर घेरात दोन बोटं कमी,
आणि त्या दोन बोटांपायी
मी अंगठा सोलून घेतलेला.

बॅगेत लाल मार्कर होता. हात सवयीनं तिकडं गेला.
मक्तूमसाबनं टायर ओढून घेतला.
"ह्यो खोटा नव्हं. ह्याची रिम येईल की कधीतरी."
दारावरच्या खिळ्याला अडकवला,
आणि अर्धे पैसे वळते केले.

मग सहाशे पस्तिसातले दोन काढले.
एक हलका, गुळगुळीत, ढकलला की पळणारा.
दुसरा जड, रुंद खाचांचा, पोटात जाड थर.
रोज कुठनं कुठं?
येळ्ळूरहून अनगोळ, तिथनं उद्यमबाग,
काळ्या रानातला रस्ता अर्धा, अर्धा डांबरी,
आणि शेवटचे चारशे मीटर
लेथवाल्यांच्या दारांपुढचे,
जिथं टेम्पोतनं सांडलेला लोखंडाचा कीस,
कुरळा, निळसर,
सकाळच्या उन्हात देखणा दिसतो,
चाकात शिरेपर्यंत.

"मग विचारायलीस कशाला?"
जडच पुढं सरकवला.
मडगार्डला घासेल का, हे मात्र मी
माझ्या व्हर्नियरनं मोजलं.
चाळीस. दोन्हीकडं बोट जाईल एवढी जागा.
त्यानं व्हर्नियर हातात मागून घेतला,
उलटासुलटा करून बघितला,
परत देताना स्वतःच्या सदऱ्याला पुसून दिला.

बसवताना दांडा लागलाच नाही.
दोन्ही तळव्यांनी दाबत नेला
आणि शेवटचं वीतभर
आपलं आपण आत गेलं.
मागं हवा टच्च, पुढं जराशी कमी,
अंगठ्यानं दाबून दाखवलं किती ते.

सहा दिवस झाले.
चढाला जड लागतंय, नाही कशाला म्हणू.
अनगोळच्या वळणावर कॉलेजची पोरं
घंटी वाजवत पुढं जातात.
सुटी झाल्यावर गेटाबाहेर सायकल उलटी करून
खाचांतला कीस नखानं उचकटते.
आज सात निघाले, आतवर एकही नाही.

सुतळी डब्याच्या पिशवीतच राहिलीय, गाठीसकट.
काल भाऊ तिनं मेथीची जुडी बांधायला निघाला होता.
दिली नाही.