आखूड बावीस

वूच शहरात, कापडगिरण्यांच्या लाल विटांमागे,
इस्पितळाच्या तळघरात
लुत्सिना नखं कापायच्या कात्रीनं
माणसं कापत बसते.

म्हणजे त्यांचे फोटो.
म्हणजे हाडातून ओढलेल्या मगजाची एकेक पेशी,
अडीच हजार पट मोठी,
दुभंगायच्या ऐन क्षणी थांबवलेली
शरदात फुलणाऱ्या एका विषारी फुलाच्या अर्कानं.
भोंग्याविना संप झाल्यासारखं
जिथल्या तिथे सगळं.

शेचाळीस तुकडे. लांबीप्रमाणे जोड्या. डिंक.
तिच्या भाषेतल्या नावाचा अर्थ, रंग धरणारा देह.
आपण म्हणतो गुणसूत्र.
तिला कुणी सांगितलं असतं तर हसली असती:
आई तीस वर्षं सूतच सांधत होती,
तुटलं की डाव्या अंगठ्यानं पीळ,
साचा न थांबवता.

नमुना दोनशे सतरा, साल त्र्याऐंशी.
नाव शेवटी वाचायचं, हा नियम तिचा तिनंच केलेला.

पहिल्या पेशीत पंचेचाळीसच भरले.
टेबलाखाली पाहिलं, रद्दीत पाहिलं,
चहाच्या पेल्याखाली.
एकोणीस नंबरचं एक सापडलं शेवटी
स्वेटरच्या कोपराला चिकटलेलं.
असं होतं. हिवाळ्यात लोकर फार ओढते.

मग बाविसावी जोडी.
एक नेहमीचं.
दुसरं आखूड,
जणू शिंप्यानं माप विसरून कात्री चालवली.

कापलेलं कुठे जातं ते तिला ठाऊक आहे.
नवाच्या टोकाशी ती भिंग नेते.
तिथे ते आहेच, परक्या कापडाचं ठिगळ;
आणि नवाची एक चिंधी, भिंगालाही न दिसणारी,
बाविसाच्या तुटक्या कडेला.
देणंघेणं झालं, कुणाला न विचारता.
वर कमी नाही, खाली जास्त नाही.
चूक अशी, की बेरीज बरोबर येते.

या आखूड तुकड्याला दूरच्या एका शहराचं नाव आहे,
फिलाडेल्फिया.
भावांच्या प्रेमाचं गाव, असा अर्थ सांगतात म्हणे.
लुत्सिना नुसतं 'पीएच' लिहिते. शाई महाग.

नियम वीस पेशींचा.
एकोणिसांत आखूड बावीस.
विसावी धड.
सगळी सुतं आपापल्या लांबीची,
अंगणात एकट्याच उरलेल्या पोरासारखी.
लुत्सिना तिच्यावर सगळ्यांत जास्त वेळ घालवते,
तसं कारण काहीच नसताना.

मग नाव. इग्नात्सी व्रोना, त्रेचाळीस, मागदुरुस्ती.

घरी आई म्हणाली, तो?
शिट्टी वाजवत यायचा.
त्या गडगडाटात ऐकू कुणाला येणार,
ओठांवरून कळायचं कुठलं गाणं ते.
का गं?

लुत्सिना बटाटे सोलत राहिली.
साल लांब, अखंड उतरली.

तीन वर्षं मिळाली त्याला. चौथ्याचे काही आठवडे.

पुढे कात्र्या गेल्या, पडदे आले,
यंत्रच जोड्या लावू लागलं.
पुढे एक गोळी आली, रोज घ्यायची,
त्या भलत्या सांध्याच्या खाचेत नेमकी बसणारी.
खालच्या मजल्यावर आता याच रोगाचे लोक
रांगेत कुरकुरतात, बस चुकली म्हणून,
गोळीनं पाय सुजतात म्हणून.
लुत्सिनाला त्यांची कुरकुर आवडते.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी तळघर रिकामं करायचं होतं.
दोनशे सतराचं पाकीट तिनं उघडलं.
डिंक पिवळा पडून तडकला होता.
तक्ता जरा कलला
आणि आखूड बावीस सुटून
तिच्या तळहातावर पडलं,
तांदळाच्या कणीएवढं.

दार उघडं. वारा जिन्यावरून येतोय.
तिनं मूठ मिटली नाही,
चुरा झाला असता.
श्वास धरून उभी राहिली,
दुसऱ्या हातानं चाचपत
डिंकाची बाटली.