भावाचा कान

दर रविवारी, हॅमिल्टनला सकाळचे साडेआठ
आणि सासवडला संध्याकाळचे सात,
मी माझ्या भावाचा कान पाहतो.

शर्मिलाने त्याला शंभरदा सांगितलं,
काका, फोन समोर धरा, चेहरा दिसू दे.
दिगू हो म्हणतो,
कधी कपाळ दाखवतो, कधी पंखा,
आणि महत्त्वाचं बोलणं आलं की
फोन कानाला लावतो, रीतीप्रमाणे.
मग माझ्या स्वयंपाकघरात,
टोस्टरला टेकवलेल्या टॅब्लेटवर
हा एवढा कान.
कडेला पांढरे केस,
लहानपणी टोचलेलं, आता बुजलेलं भोक,
आत काळोख.
एक्कावन्न वर्षांत त्याला
इतक्या जवळून मी पाहिलं नव्हतं.

त्र्याहत्तर साली फोन म्हणजे तीन मिनिटं,
त्यातली दोन, ऐकू येतंय का, यात जायची.
मग खरवडून नंबर काढायची कार्डं आली,
कोपऱ्यावरच्या व्हिएतनामी दुकानात, पाच डॉलरला.
एक बाई गोड आवाजात सांगायची,
तुमच्याकडे सत्तावन्न मिनिटं आहेत.
एकोणचाळीसला कापायची.
कुमुद तिला माझी सवत म्हणायची.

कुमुद गेली तेव्हा आन्सरिंग मशीनवर
तिचा आवाज राहिला:
आम्ही आत्ता घरी नाही, असं इंग्रजीत,
आणि मागे कुकरची शिट्टी.
म्हणजे घरीच होतो.
मशीन तळघरात आहे.
ते ज्यात खुपसायचं ती तार
कंपनीचा पोरगा केव्हाच काढून घेऊन गेला.

शेजारचा कार्मेलो नोव्हेंबरात अंजीर पुरतो.
त्याच्या बापाने कॅलाब्रियाहून सुटकेसमध्ये,
बनियनात गुंडाळून आणलेल्या फांदीचं झाड.
एका बाजूची मुळं तोडायची, झाड वाकवायचं,
खड्ड्यात निजवायचं,
वर फळ्या, पालापाचोळा, जुनी सतरंजी.
मी अंजिराच्या बागेत वाढलेला माणूस,
पहिल्या वर्षी मला वाटलं, यांच्यात कोणी गेलं.
एप्रिलमध्ये तो उकरून उभं करतो.
ऑगस्ट सरता सरता माझ्या पायरीवर एक पिशवी.
तिकडची जास्त गोड असतात,
हे आम्ही दोघंही एकमेकांना सांगत नाही.

परवा त्याला फावडं मारू लागलो,
परत येतो तर दाराची घंटा बोलली:
बाबा, टोपी कुठंय?
शर्मिला कॅल्गरीत, ऑफिसात,
आणि माझं टक्कल तिच्या फोनवर.
मागे उभ्या कार्मेलोने छातीवर क्रूस काढला.

तर दिगूचा कान.
आमच्या वडिलांचा रेडिओ होता, लाकडी.
बातम्या देणारा माणूस आत कुठे बसतो
ते बघायला मी मागचा पुठ्ठा उघडला.
मी दहाचा, तो आठाचा.
रेडिओ मुका झाला.
कान त्याचा पिळला गेला,
कारण स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या हातात होता,
मीच दिलेला.
तो काही बोलला नाही.
पुढे सगळे म्हणाले, थोरल्याला यंत्रांचं डोकं आहे,
त्याला शिकवा, बाग धाकटा बघेल.

आज तो पाण्याच्या टाकीबद्दल सांगत होता.
मी टोस्टरपाशी वाकलो
आणि त्या कानात हळूच म्हटलं,
दिगू, रेडिओ मी मोडला होता.

पडदा गोठला.
कान तसाच, कडेला थोडा लाल,
की तिकडचा दिवाच तसा होता.
मी थांबलो. चहावर साय आली.
मग चित्राच्या आधी आवाज आला:
…आणि मोटर जळाली, आता नवीनच घ्यावी लागेल.
तू काय म्हणालास मघाशी?

मी म्हटलं, कुठल्या कंपनीची घेतोस?