इतर – एक

लाळ-खुरकुताच्या लशीचा निळा डबा
मांडीवर घेऊन मी नागपूरहून निघालो.
आत बर्फाच्या दोन थैल्या, मधे हवा भरून फुगवलेली पिशवी,
पिशवीत पाणी,
पाण्यात तो.

जामच्या चौकात कंडक्टर म्हणाला, "लस हाय का, डॉक्टर?"
मी डॉक्टर नाही. दवाखान्यात व्रणोपचारक आहे,
बैलाच्या खांद्याला मलम लावतो, शेळीच्या पायाला पट्टी.
तरी म्हटलं, "हाव."
डबा तेवढ्यात हलला.

समीक्षाची खोली रिकामी झाली होती.
गादी गुंडाळलेली, खिळे मोकळे,
पुण्याची गाडी रात्री नऊची.
"बाबा, याला घेऊन जा," एवढंच.
बावीस वर्षांत तिनं काय काय मागितलं
ते बोटांवर मोजता येतं:
सायकल, कंपास, एकदा बिनबाह्यांचा ड्रेस, जो मी दिला नाही.
आणि हे.

घरी बेबीनंदानं झाकण काढलं
आणि पदर तोंडाला लावला.
"मायबाई! सोललेली पाल आनली का हो?"
उकंडराव काठी टेकत आले, वाकून बराच वेळ बघत राहिले.
"बेंडकाचं पोर दिसते. शेपटी झडन, मंग उड्या मारन."
नाही झडत, मी म्हटलं.
मानेवरचे हे कल्लेही असेच राहतात,
कोंबड्याच्या तुऱ्यासारखे लाल, पण मऊ.
म्हातारा होऊन मरतो तेव्हाही हा पोरच असतो,
पाण्याबाहेर येत नाही.
"बरं हाय," उकंडराव म्हणाले,
"नवकरी नाई, लग्न नाई, पुन्याले जानं नाई."
बेबीनंदा हसली नाही.
आत जाऊन पितळी घंगाळ घेऊन आली.
पितळ, तांबं याला विष, पोरीनं चिठ्ठीत लिहिलं होतं.
मग तिनं हरभरा भिजवायचा टब ओतून रिकामा केला,
भिजलेला हरभरा दोन दिवस खाल्ला आम्ही.

समीक्षानं त्याचं नाव नोव्हा ठेवलेलं.
तिसऱ्या दिवशी गल्लीत तो भुऱ्या झाला.
पांढऱ्या कातडीच्या जनावराला
आमच्याकडे दुसरं नाव सुचत नाही.
पोट्टे शाळा सुटली की यायचे,
शेणखताच्या खड्ड्यातलं एक गांडूळ दिलं
की पाच मिनिटं बघायला मिळायचं.
"हा डोये काहून नाई मिटत?"
त्याला पापण्या नाहीत, मी सांगायचो,
आणि ते गेल्यावर स्वतःच मिटून बघायचो.

पौष गेला, माघ गेला.
मग ऊन आलं.
भुऱ्याला पाणी लागतं अठरा डिग्रीचं.
अठरा आमच्या गावात डिसेंबरच्या पहाटे असतं,
एप्रिलात ते कुठं मिळतं
ते मला एकट्याला ठाऊक होतं:
दवाखान्याच्या फ्रीझरमध्ये, लशींच्या शेजारी,
माझ्या चार बाटल्या.

हिंगणघाटच्या मॅडम तपासणीला आल्या.
एक बाटली उचलून धरली.
"भोयर, हे काय?"
मी सगळं सांगितलं, पुण्यापासून.
त्या गप्प. मग रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.
बैल, गाय, म्हैस, शेळी, कोंबडी,
शेवटच्या रकान्यात इतर.
लिहिलं: एक.
आजार: ऊन.
उपचार: बर्फ.
त्यांनी सही केली, पण चारच्या दोन बाटल्या केल्या.

काल रात्री दीडला लाइन गेली.
उठलो तर बाजेवर बेबीनंदा नव्हती.
टबाजवळ बसलेली, एका हातात सुपडं,
त्यानं पाण्याला वारा घालतेय,
दुसऱ्या हातात मोबाइल, टबावर धरलेला.
तिकडे पोरगी गप्प, इकडे ही गप्प,
पाण्यात उजेडाचा एक चौकोन.
भुऱ्या त्या चौकोनात वर आला,
एक घोट हवा घेतली, पुन्हा तळाला गेला.

"जेवलं का?" बेबीनंदानं विचारलं.

कोणाला, ते मी विचारलं नाही.
बाटलीतला बर्फ निम्मा उरला होता.
मी ती फिरवून ठेवली.